विश्वेश्वरय्या: बिघाड व्हायच्या आधीच कामाला लागणारा इंजिनिअर

दरवर्षी 15 सप्टेंबरला, म्हणजे अभियंता दिनाला, व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. रेल्वेत बसलेल्या विश्वेश्वरय्यांनी चाकांचा बदललेला आवाज ऐकून साखळी ओढली आणि पुढे रूळ तुटलेला निघाला. किस्सा ऐकीव आहे, पण त्यातली आयडिया आज अनेक मोठ्या कारखान्यांत वापरतात. पंप आणि टर्बाइनला सेन्सर लावलेले असतात. आवाज किंवा थरथर बदलली की मशीन बंद पडायच्या आधी अलर्ट येतो. बिघाडाची वाट न बघता केलेली ही देखभाल म्हणजेच प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स.

विश्वेश्वरय्यांचं खरं काम मात्र त्या किश्श्यापेक्षा भारी आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रात झाली.

पुण्यात शिक्षण, खानदेशात पहिली परीक्षा

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगळुरूत बी.ए. केल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. आजचं सीओईपी ते हेच. 1883 मध्ये इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते पहिले आले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले.

सुरुवातीलाच खानदेशात पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाइपचा सायफन टाकायचं काम मिळालं. सायफन म्हणजे पाटाचं पाणी पाइपमधून प्रवाहाच्या खालून नेऊन पलीकडे पुन्हा वर काढायचं. ऐन पावसात, वाळू आणि गाळाशी झगडत त्यांनी ते पूर्ण केलं.

खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणात वेगळीच अडचण होती. पावसाळ्यात जास्तीचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात कमी पडायचं. धरणाची भिंत वाढवणं धोक्याचं होतं. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवायची कल्पना काढली. 1903 च्या सुमारास ते बसले. त्यांनी या रचनेचं पेटंटही घेतलं.

तुमच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की तो स्वतःच बंद होतो. इथे उलटं होतं. पातळी ओलांडली की पाण्याच्याच जोरावर दरवाजे उघडायचे, पातळी उतरली की परत बंद व्हायचे. वीज नाही, सेन्सर नाही. मध्यरात्री पूर आला तरी कुणी धावत जायची गरज नाही. पाणीसाठ्याची पातळी यामुळे सुमारे 8 फुटांनी वाढवता आली. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला फीडबॅक लूप म्हणतो, तो हाच.

पूर आल्यावर नाही, आधी

28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केलं. तेव्हा आपला पाटोदा तालुका आणि अख्खा बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी शहरात नुसत्या भिंती बांधा असं सांगितलं नाही, तर शहराच्या वरच्या बाजूला पूर अडवणारे जलाशय सुचवले. त्यातून पुढे उस्मान सागर आणि हिमायत सागर उभे राहिले.

1909 मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि कृष्णराजसागर धरणाच्या कामाला लागले. 1912 ते 1918 दिवाण राहिले. नंतर भद्रावतीचा तोट्यातला लोखंड कारखाना हातात घेऊन त्याची घडी बसवली. 1955 मध्ये भारतरत्न मिळालं.

शेवटचा धडा

12 जुलै 1961. बांधकाम अजून पुरं व्हायचं असतानाच भरलेलं पानशेत धरण फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला, तेही फुटलं आणि पुणं बुडालं. ज्या धरणावर त्यांनी दरवाजे बसवले होते, ते त्यांच्या हयातीतच गेलं. एक भाग कितीही हुशार असला तरी वरच्या बाजूचा कच्चा दुवा सगळी सिस्टिम पाडतो. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1962 मध्ये, शंभरी ओलांडलेले विश्वेश्वरय्या गेले.

पाटोद्याकडे आज जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच असतो. रात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू. पण विहिरीत पाणीच नसेल तर तीच मोटर कोरडी फिरून जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च अंगावर येतो. म्हणून ऑटोसोबत पाण्याची पातळी बघून मोटर बंद करणारं यंत्रही बसवा. महिन्यातून एकदा फूट व्हॉल्व्ह आणि जाळीतला कचरा बघा. मोटरचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा वाटला तर आधी बंद करा, मग कारण शोधा.