घरी परतलेले कवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक



पापनिवेदन ऐकायला बसल्यावर आम्हांला एक गोष्ट पुन:पुन्हा जाणवते. देवाने क्षमा केली हे माणूस मानतो, पण लाज मात्र त्याच्याबरोबर उठून घरी जाते. दहा वर्षांपूर्वी सांगितलेले, क्षमा मिळालेले पाप तो परत सांगतो. त्यातही परक्याशी केलेली लबाडी एक वेळ विसरली जाते; घरच्यांशी केलेले वागणे विसरले जात नाही. बायकामुलांना गावी टाकून मुंबईत काढलेली वर्षे, न पाठवलेली मनीऑर्डर, आईच्या आजारपणात घराकडे न वळलेले पाय. यात आम्ही कोणाचे गुपित फोडत नाही. कोकणातल्या कोणत्याही वाडीत अशी कहाणी ऐकायला मिळेल.

म्हणून या रविवारी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाचे चरित्र सांगायचे आम्ही ठरविले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्याला नवे नाही. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत त्यांची ओळख झाली आणि त्यांची भजने आपण उपासनेत गातो. ते कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे पाळक होते. पण विभक्त बांधवांमध्ये जे ख्रिस्ताचे आहे ते आनंदाने ओळखावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच आपल्याला शिकविले आहे. तेव्हा संकोच नको.

टिळकांचा जन्म १८६१ साली करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव करारी व तापट, आई जानकीबाई मायाळू. १८७३ साली आई वारली. नारायण तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. वडिलांशी त्याचे जमेना. पोराने घर सोडले आणि नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला. इंग्रजी शिक्षण थोडे झाले, पुरे झाले नाही.

घर सोडण्याची ही पहिली खेप. पुढे तर ती सवयच झाली.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची पत्नी. लग्नात ती अकरा वर्षांची होती. सासरी आल्यावर तिचे नाव लक्ष्मीबाई झाले. टिळकांच्या संसाराची माहिती आपल्याला मुख्यत: या लक्ष्मीबाईंच्या लेखणीतून मिळते. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. आम्ही ते सेमिनरीत असताना प्रथम वाचले तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. धर्मगुरू झाल्यावर, बरीच घरे आतून पाहिल्यावर पुन्हा वाचले, तेव्हा त्याच पानांवर हसू येईना.

कारण त्या विनोदाखाली जे आहे ते सोपे नाही. टिळक विद्वान, दिलदार, दुसऱ्याच्या दु:खाने विरघळणारे. पण घरात राग अनावर. मनात आले की न सांगता निघून जायचे. पत्नीने कधी सासऱ्यांकडे राहायचे, कधी माहेरी, आणि वाट पाहायची. कधी कीर्तन, कधी पुराण, कधी शाळामास्तरकी, कधी छापखाना, असे उद्योग बदलत. पैसा हातात आला की दुसऱ्याच्या हाती जाई आणि घरात चूल पेटायची पंचाईत. ज्या तापट स्वभावापासून पोर पळाले होते, तो स्वभाव त्याच्याच घरात येऊन बसला होता. वडिलांचा राग मुलाच्या अंगात उतरलेला आपण किती तरी घरांत पाहतो. मी बापासारखा होणार नाही, असे म्हणणारा माणूस एक दिवस स्वत:च्या मुलाच्या डोळ्यांत आपला बाप पाहतो. त्या क्षणाची लाज ज्याने भोगली आहे त्याला आम्ही काय म्हणतो ते कळेल.

पुढे नागपूरला त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. कवी म्हणून, वक्ते म्हणून नाव झाले. जुना धर्म मनाला पुरेना, म्हणून स्वत:चाच एक नवा धर्म काढावा असेही त्यांच्या मनात घोळत होते. १८९३ च्या सुमारास ते नोकरीसाठी आगगाडीने राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. संस्कृत काव्यावरून गप्पा निघाल्या, त्या धर्माकडे वळल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. वाचण्याचे वचन दिले होते म्हणून त्यांनी वाचायला घेतले आणि प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. जे सापडत नव्हते ते तिथे सापडले. तरी आणखी दोनेक वर्षे मनाची घालमेल चालली. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथे साधारण चरित्र लिहिणारा थांबेल आणि म्हणेल, प्रकाश मिळाला, जीवन बदलले. आम्हांला तसे म्हणता येत नाही. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी टिळकांनी पुन्हा एकदा घर सोडलेले होते. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांत होत्या. बातमी आली आणि त्या खचल्या. त्या काळच्या समाजात ब्राह्मणाच्या घरातला माणूस ख्रिस्ती होणे म्हणजे तो मेल्यापेक्षा वाईट. विधवेला निदान रीतसर दु:ख करता येते. हिला तेही नाही. आप्तांनी तिला पंढरपूरला नेले. नवरा नगरला, बायको पंढरपुरात, मध्ये अख्खा समाज. जवळजवळ पाच वर्षे ताटातूट राहिली. ख्रिस्ताला स्वीकारणे चूक होते असे आम्ही धर्मगुरू म्हणून कसे म्हणू? परंतु पत्नीला विश्वासात न घेता ते करणे, यात टिळकांचा जुना स्वभाव होता आणि त्याची किंमत तिने मोजली, हेही खरे. देवाची कृपा जुन्या स्वभावातूनच वाट काढीत येते. तिला नवा कोरा माणूस मिळत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी लज्जेचा विचार केला आहे. लाज हा पुरता सद्गुण नाही, पण ती एक चांगली भावना आहे, असे ते मानतात. निर्लज्जाला सुधारायला जागाच उरत नाही. आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी टिपली. परक्यापेक्षा जवळच्या माणसांपुढे आपल्याला जास्त लाज वाटते, कारण त्यांच्याबरोबर आपल्याला राहायचे असते आणि ते आपल्याला आतून ओळखतात. म्हणूनच माणूस घर टाळतो. दूर गावी, नव्या लोकांत तो वेगळा होऊ शकतो. तिथे कोणाला काही ठाऊक नसते. अनेकांचे परिवर्तन असे दूर गावीच पार पडते आणि म्हणून अर्धे राहते.

पेत्राचे पाहा. त्याने प्रभूला नाकारले ते शेकोटीच्या निखाऱ्यांजवळ. पुनरुत्थानानंतर प्रभूने किनाऱ्यावर पुन्हा निखारेच पेटवले, त्यावर मासळी भाजली आणि त्याच सोबत्यांसमोर पेत्राला तीनदा विचारले. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पहाटे उभे राहिलेल्यांना तो धूर, तो वास वेगळा सांगायला नको. जिथे लाज लागली तिथेच प्रभूने त्याला नेले.

टिळकांच्या बाबतीत हे निखारे म्हणजे पंढरपूरला बसलेली लक्ष्मी. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ते ख्रिस्ती लोकांत मानाने राहत होते. तिथे त्यांना जुने कोणी विचारणारे नव्हते. तरी पत्नीशी धागा त्यांनी तुटू दिला नाही. आणि ती यायला तयार झाली तेव्हा या हट्टी माणसाने आपल्या आयुष्यातले सर्वांत अवघड काम केले: तिला मोकळीक दिली. तिने आपले सोवळे पाळावे, आपला स्वयंपाक वेगळा करावा. बाप्तिस्म्याची घाई नाही, आग्रह नाही. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अतिशय कडक होते, तीही त्याच वळणाची. ख्रिस्ती वस्तीत राहून ती ते सारे पाळीत राहिली. मग एके दिवशी विचार करता करता तिच्या स्वत:च्याच ध्यानात आले की जाती देवाने केलेल्या नाहीत, आणि तिने कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला सुरुवात केली. १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते टिळकांचे खरे परिवर्तन १८९५ ते १९०० या पाच वर्षांत झाले आणि ते या वाट पाहण्यात झाले. आयुष्यभर दुसऱ्याला वाट पाहायला लावणारा माणूस इथे वाट पाहायला शिकला.

राग गेला का? नाही. लक्ष्मीबाई तेही लपवीत नाहीत. पैसा टिकू लागला का? तोही नाही. पण घर भरले. अनाथ मुले आली. कवी बालकवी ठोंबरे यांना टिळकांनी घरात मुलासारखे ठेवून घेतले. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करण्याचे मनावर घेतले. पुन्हा एक सोडणे! पण या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे एक काम अर्धे राहिले. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध लिहायला त्यांनी घेतले होते, ‘ख्रिस्तायन’. मोजकेच अध्याय झाले होते. ज्या पत्नीला त्यांनी टाकले होते, जिला शाळेचे शिक्षण नव्हते, तिने ते पुढे चालविले आणि त्यात चौसष्ट अध्याय घातले. त्याच सुमारास तिने ‘स्मृतिचित्रे’ही सांगितली. त्यात नवऱ्याचा राग, त्याचे निघून जाणे, आपले सोवळे, आपला मूर्खपणा, सारे उघड केले. कडवटपणा शोधूनही सापडत नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई प्रभूघरी गेल्या. ‘ख्रिस्तायन’चा शेवटचा अध्याय तेव्हाही व्हायचा होता. तो देवदत्तने, म्हणजे बाप सोडून गेला तेव्हा आईच्या मांडीवर असलेल्या त्या दत्तूने, लिहिला.