स्कोअरबुकात न मावलेला माणूस : बाळू पालवणकर

घुग्घुसच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच असली की एक जण वही घेऊन झाडाखाली बसतो. तो स्कोअरर! हारजीत झाल्यावर सगळे निघून जातात, वही तेवढी राहते. पण वहीत सगळंच लिहिलं जातं का?

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 चा, धारवाडचा. चर्मकार समाजातलं कुटुंब, वडील लष्करात नोकरीला. बाळू पुण्यात वाढले. पिच झाडणं, रोलर फिरवणं, नेट लावणं ही मैदानावरची कामं त्यांनी महिना तीन-चार रुपयांवर केली. तिथल्या क्लबचे इंग्रज साहेब, त्यातही जे. जी. ग्रेग, त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करत. बाळूंनी हजारो चेंडू टाकले असतील, पण बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. अन् नेटमधल्या विकेटची नोंद कोण ठेवणार?

साहेबांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबने त्यांना संघात घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांचा एकच. चहाच्या वेळी मात्र इतरांना कपबशी आणि बाळूंना बाहेर मातीचं भांडं. पुढे ते मुंबईला गेले.

1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला 109 धावांनी हरवलं. हिंदू 242 आणि 160, युरोपियन 191 आणि 102. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. 1911 मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ जास्त मॅचेस हरला, पण बाळूंनी दौऱ्यात 114 विकेट्स घेतल्या, सरासरी 18.84. म्हणजे दर विकेटमागे एकोणीस धावासुद्धा दिल्या नाहीत. तेव्हा वय होतं पस्तीस!

प्रथम श्रेणीतला एकूण हिशोब असा : 33 सामने, 179 विकेट्स, सरासरी 15.21. आता एक गणित करा. प्रथम श्रेणीतला पहिला सामना 1905-06 च्या हंगामातला. म्हणजे या आकड्यांची सुरुवातच तिशीच्या उंबरठ्यावर झाली. गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं या हिशोबात नाहीतच.

आणखी एक रकाना रिकामा राहिला, कर्णधाराचा. संघातला सर्वात मोठा गोलंदाज असूनही हिंदू संघाचं कर्णधारपद जातीमुळे त्यांना मिळालं नाही. 1920 मध्ये भावांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे उपकर्णधारपद आलं. 1923 मध्ये मात्र धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि संघ स्पर्धा जिंकला. बाळूंचं अडलेलं दार भावासाठी उघडलं.

पुढे बाळू राजकारणात आले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. विशेष म्हणजे तरुणपणी बाबासाहेबांनाच बाळूंचं मोठं कौतुक होतं. 1955 मध्ये मुंबईत बाळूंचं निधन झालं.

आपण इंजिनिअरिंगवाले लोक, रीडिंग दिसलं की विश्वास ठेवतो. पण रीडिंग कधीपासून घेतलं आणि कुणाचं घेतलंच नाही, हेही विचारायला पाहिजे. 15.21 हा आकडा खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा त्या मातीच्या भांड्यात आहे.

पुढच्या हॉस्टेल मॅचला वही हातात आली, की पिच झाडणाऱ्या पोरालाही एकदा विचारा : खेळतो का बे?