रावबहादूर सीताराम केशव बोले

तहानलेल्याला पाणी द्यावे, हा धर्म आपल्याकडे सर्वांना मान्य आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वी गावच्या पाणवठ्यावर सर्वांना पाणी भरता येत नसे. ज्या तळ्यावर गुरेढोरे खुशाल पाणी पीत, त्या तळ्याला अस्पृश्य मानलेल्या माणसाने स्पर्श करणे हा अपराध समजला जाई. या अन्यायाविरुद्ध कायदे कौन्सिलात ठराव आणणारे लोकप्रतिनिधी म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले.

बोले यांचा जन्म १८६८ साली भंडारी समाजात झाला. मुंबई ही त्यांची कर्मभूमी होती. तेथील गिरण्यांत राबणाऱ्या मजुरांचे हाल पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. १९०९ साली कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बोले प्रमुख होते. गुणी मुलाची पारख करताना ते जातीचा विचार करीत नसत. भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा मुंबईत त्यांच्या सत्काराची सभा भरली. तिचे अध्यक्षस्थान बोले यांनी स्वीकारले होते. त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

पुढे बोले मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव कौन्सिलाने संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानलेल्या लोकांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना तशा सूचना दिल्या.

परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. कित्येक नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी त्याकडे काणाडोळा केला. बोले निराश झाले नाहीत. १९२६ साली त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या संस्था पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी शिफारस त्यात होती. गावजोशाला न बोलावताही त्याची दक्षिणा यजमानावर लादण्याची चाल मोडावी, म्हणूनही त्यांनी कौन्सिलात विधेयक आणले.

महाडच्या नगरपालिकेने बोले यांच्या ठरावानुसार १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. पण कागदावरचे शब्द तळ्याच्या काठापर्यंत पोहोचले नाहीत. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. यामुळे रुष्ट झालेल्या लोकांनी सत्याग्रहींवर हल्ला केला. तळ्याचा वाद न्यायालयात दीर्घकाळ चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला.

१९६१ साली बोले यांचे देहावसान झाले. मुंबईत दादर येथील एका मार्गाला त्यांचे नाव दिलेले आहे.

मुलांनो, सभागृहातील ठरावाने एका दिवसात समाज बदलत नाही. तो अमलात यावा म्हणून कोणाला तरी पुढे पाऊल टाकावे लागते. पण महाडच्या सत्याग्रहींनी पाऊल टाकले, तेव्हा आपला हक्क सरकारने आधीच मान्य केला आहे, असे ते ठामपणे सांगू शकले. हे बळ त्यांना बोले यांच्या ठरावाने दिले होते. शाळेतल्या एकाच नळावर तुम्ही सारे पाणी पिता, तेव्हा या लोकप्रतिनिधीचे स्मरण अवश्य ठेवा.