सेवाव्रती पंडिता रमाबाई

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. या गावाचं नाव परदेशापर्यंत पोहोचलं ते पंडिता रमाबाईंमुळे. त्यांचं चरित्र आज आपण वाचू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. मुलींना शिकवू नये असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आई लक्ष्मीबाईंनी रमेला. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. उपासमारीत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी हिंडत राहिले. १८७८ साली ती दोघं कलकत्त्यास पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता म्हणून गौरवलं.

पण दुःख काही पाठ सोडीना. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचं लग्न झालं. १८८२ साली तेही गेले. पदरात मनोरमा नावाची लहान मुलगी. रमाबाई पुण्याला आल्या आणि स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅम इथे ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. जगाने टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी जवळ करीत, सांभाळीत, पुन्हा उभं करीत. रमाबाईंनी ते काम डोळ्यांनी पाहिलं. या बायका हे का करतात, याचा शोध घेता घेता त्या येशूच्या शिकवणीपाशी आल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र साधी सुती साडी आणि शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही.

अमेरिकेत मदत गोळा करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे १८९३ साली महर्षी कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. सदन पुण्यात आल्यावर मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा झाला. रमाबाई कुणावर सक्ती करीत नसत. पण त्यांच्या प्रार्थनेला बसणाऱ्या मुलीला त्या अडवीतही नसत. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाईंनी शाळा बंद केली नाही.

खरी परीक्षा १८९६-९७ सालच्या दुष्काळात झाली. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. निराधार पोरींना तर कुणीच वाली नव्हता. अमेरिकेची मदत दहाच वर्षांच्या कराराची, तीही संपत आलेली. हाती होतं ते सदनाला जेमतेम पुरे. अशा वेळी कुणी म्हटलं असतं, आधी आपलं पाहू. पण पोटातली भूक काय असते ते रमाबाईंना ठाऊक होतं. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे नव्या माणसांना ठेवून घ्यायला मनाई होती. तेव्हा केडगावला घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन.

तिथे नुसती प्रार्थना करून भागणार नव्हतं. आजारी मुलींना न्हाऊ-माखू घालायचं, पेज भरवायची. विहिरी खणल्या, मळा केला. मुली विणकाम, दूधदुभतं, तेल गाळणं शिकल्या. मनोरमेने आंध��्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या आणि सदनातली संख्या दीड हजारावर गेली. एवढ्या सगळ्यांची भाकरी रोज व्हायची!

एवढ्या धबडग्यातही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून त्यांनी सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. सदनातल्याच मुली छापखान्यात खिळे जुळवीत. १९२१ साली मनोरमा वारली. एकुलती लेक गेली, तरी म्हाताऱ्या आईने हातातलं काम टाकलं नाही. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

मित्रांनो, देवाचं नाव घेणं सोपं असतं. पण ज्याचं नाव घेतो त्याला आवडेल असं रोज वागणं अवघड. रमाबाईंनी ते केलं. आपला धर्म कोणताही असो, आपल्या वर्गात कुणी उपाशी आलं असेल, कुणाला पाटी नसेल, कुणाला सारे चिडवत असतील, तर आपण त्याच्या शेजारी जाऊन बसावं. एवढं तर आपल्याला आजच करता येईल.