दम्याशी झुंजणारे सुधारक : गोपाळ गणेश आगरकर

महाराष्ट्रातील समाजसुधारकांमध्ये गोपाळ गणेश आगरकर यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. त्यामुळे कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे ठिकठिकाणी राहून, प्रसंगी मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षण घेतले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते एम. ए. झाले. मोठ्या पगाराच्या नोकरीमागे न लागता लोकशिक्षणासाठी आयुष्य वेचण्याचा निश्चय त्यांनी आईला पत्राने कळवला होता.

१८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली त्यांना टिळकांसमवेत १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. पुढे दोघांत मतभेद झाले आणि १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ हे स्वतःचे पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन यांवर त्यांनी कठोर टीका केली आणि स्त्रीशिक्षणाचा हिरिरीने पुरस्कार केला. संतापलेल्या विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरीही ते डगमगले नाहीत.

या साऱ्या धडपडीत एक शत्रू मात्र त्यांच्या शरीरातच होता. तो म्हणजे दमा. दम्याने शरीर खंगत असतानाही त्यांनी अध्यापन आणि लेखन सोडले नाही. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दम्यात नेमके काय घडते, हे त्या काळी वैद्यकाला उलगडलेले नव्हते. आज ते बरेचसे कळले आहे. दम्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ॲलर्जीच्या दम्यात धूळ किंवा परागकण श्वासाबरोबर आत गेले, की शरीर त्यांना शत्रू समजते. श्वासनलिकेतील पेशी हिस्टामाइनसारखी द्रव्ये सोडतात आणि नलिका आकुंचन पावते. मागाहून तेथे पांढऱ्या पेशी जमतात. त्या सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू बाहेर टाकतात. या रेणूंना आवर घालणारी द्रव्ये शरीरात असतात. पण ती अपुरी पडली, की नलिकेचे आतले अस्तर दुखावते आणि त्याखालचे मज्जातंतू उघडे पडतात. मग नलिका इतकी हळवी होते, की थंड हवा किंवा थोडासा धूरही तिला सोसत नाही. धुरातून असे क्रियाशील रेणू बाहेरूनही आत येतात. म्हणून भिलाईसारख्या कारखान्यांच्या शहरातील दमेकऱ्यांनी धूर आणि धूळ यांपासून विशेष जपले पाहिजे.

ही सूज शमवणारे, श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड १९७२ च्या सुमारास वापरात आले. आगरकरांच्या मृत्यूनंतर तोवर पाऊण शतक उलटून गेले होते. आज हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घेतल्यास बहुतेक दमेकरी सर्वसाधारण जीवन जगू शकतात. तरीही इन्हेलरची सवय लागते, या गैरसमजामुळे किंवा लोकलज्जेमुळे अनेक जण तो टाळतात आणि मुलीला दमा असल्यास तिच्या लग्नाच्या काळजीने घरचे लोक तो लपवतात.

रूढी केवळ जुनी आहे म्हणून ती मानू नये, प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर पारखावी, ही आगरकरांची शिकवण होती. दुखणे न लपवता त्याचे कारण शोधणे आणि योग्य उपचार घेणे, हेही त्या शिकवणीचेच आचरण होय.