श्रीकरणाधिप हेमाद्रीपंत

आमच्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांतील एका तरुण वकिलास नुकतीच नोटरीची सनद मिळाली. दहा वर्षांची वकिली, मग अर्ज, मग प्रतीक्षा, असा हा मार्ग. (महिला वकिलांस सात वर्षे पुरतात, हे आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.) सनद हाती येताच ते शिक्का व नोंदवही घेण्यास गुलमंडीकडे निघाले व आम्हांसही सोबत घेऊन गेले. दुकानदाराने नाना नमुने मांडले. पण १९५६ च्या नियमांनी शिक्का साधा, वाटोळा व पाच सेंटिमीटर व्यासाचा ठरविला असून त्यावर नोटरीचे नाव, क्षेत्र व नेमणूक करणाऱ्या सरकारचे नाव आणि नोटरी हा शब्द असावा लागतो. तेथे आवडीनिवडीस वाव नाही. निवडावयाची ती नोंदवही. कागद जाड आहे ना, शिवण पक्की आहे ना, शाई फुटत नाही ना, हे आम्ही पाहून घेतले. परत येताना, या आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून जेमतेम पाच कोसांवर, देवगिरीस, सातशे वर्षांपूर्वी एका साम्राज्याचे दप्तर सांभाळणाऱ्या पुरुषाचे स्मरण झाले. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हे वत्स गोत्री, कामदेवांचे पुत्र. यादव राजा महादेव याने इ. स. १२६१ ते १२७१ राज्य केले. त्याच्या पदरी ते श्रीकरणाधिप होते. श्रीकरण म्हणजे राज्याचा लेखनविभाग. दाने, सनदा, आज्ञापत्रे व हिशेब यांचा भार या विभागावर असे. महादेवाच्या पश्चात त्याचा पुत्र आमण गादीवर आला, पण लवकरच पुतण्या रामचंद्राने, म्हणजे आपल्या रामदेवरावाने, राज्य घेतले. राजा असा अकस्मात बदलला, तरी हेमाद्रीपंत नव्या राजाकडेही मानाने राहिले. शके ११९४ च्या ठाणे येथील ताम्रपटात त्यांचे नाव आहे. आम्हांस वाटते, ज्याच्या हाती दप्तर त्याच्यावाचून नव्या धन्याचेही चालत नसावे.

त्या काळी दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरीत. दान देणारा कोण, घेणारा कोण, त्याचे गोत्र काय, तिथी कोणती, गावाच्या सीमा कोठे, हे त्यात येई. पत्रे कडीत ओवून कडीवर मुद्रा उमटवीत, म्हणजे मधला पत्रा काढता येत नसे व नवा घालता येत नसे. आजची क्रमांकित पृष्ठांची नोंदवही हेच काम करते.

रोजच्या लिखाणास मात्र तांबे कोठून पुरणार? मोडी लिपी हेमाडपंतांनी चालू केली असे परंपरा सांगते. त्यांनी ती लंकेहून आणली, अशी कथा आम्ही लहानपणी ऐकली होती. विद्वान ती मानीत नाहीत. प्रथम आडवी रेघ आखावी, मग अक्षरे तिला टांगीत बोरू न उचलता पुढे जावे, अशी ही लेखनाची चाल. दप्तराच्या व पत्रलेखनाच्या रीती सांगणारे हेमाडपंती मेस्तकही त्यांच्याच नावावर सांगतात. चुन्यावाचून रचलेल्या दगडी देवळांस लोक हेमाडपंती म्हणतात. त्यांतील कित्येक त्यांच्याही आधीची आहेत. दगड तेवढे लोकांच्या लक्षात राहिले, लेखणी राहिली नाही.

त्यांचा मोठा ग्रंथ चतुर्वर्गचिंतामणी. त्यातील व्रतांच्या पसाऱ्याबद्दल इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्यांस कठोर बोल लावले आहेत, आणि महानुभाव ग्रंथांतही त्यांचे चित्र अनुकूल नाही. हे लपवून चरित्र लिहिणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु याच ग्रंथाच्या व्रतखंडात त्यांनी यादव राजांची वंशावळ राजप्रशस्ती म्हणून नमूद करून ठेविली. पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा यादवांच्या प्रकरणास या नोंदीचा मोठा आधार झाला. राज्य गेले, वाडे पडले, पण कारभाऱ्याने केलेली नोंद साक्षीस उभी राहिली.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. घाईघाईने किल्ल्यात घेतलेली पोती धान्याची समजली गेली. उघडली तो आत मीठ! असे तवारीखकार फेरिस्ता सांगतो. रामदेवरावास तह करावा लागला. या प्रकारात हेमाद्रीपंतांचे नाव कोठेही येत नाही, तेव्हा दोष त्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण आम्हांस त्या पोत्यांवरून आमचीच एक गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका प्रतिज्ञापत्रासाठी गेलो असता, आम्ही कोण हे न विचारता व मजकूर न पाहता त्यावर शिक्का उमटला. आमच्या जागी दुसरा कोणी उभा असता तरी चालले असते. काम झटपट झाले म्हणून त्या वेळी आम्ही संतोष मानला, हेही कबूल केले पाहिजे.

आमच्या तरुण वकिलांस आम्ही हे सर्व सांगितले. त्यांच्याकडे पहिले काम आले ते एका वृद्ध आजींच्या वारसाविषयीचे. नातू सही घेतलेला कागद घेऊन आला होता. वकिलांनी त्यास चहा दिला व कागद परत दिला. दोन दिवसांनी आजी स्वतः एस. टी.ने आल्या. मजकूर त्यांस मोठ्याने वाचून दाखविण्यात आला, ओळखपत्र पाहण्यात आले, आणि मग नव्या नोंदवहीत अनुक्रमांक एकसमोर त्यांनी आपला अंगठा उठविला.