काचेचे बळ उलगडणारा अभियंता

काच मुळात दुबळी नसते. तिच्या अंगावरचे सूक्ष्म ओरखडे तिला दुबळे करतात, हे ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ यांनी प्रयोगानिशी सिद्ध केले. फायबरग्लासच्या होड्या, पाण्याच्या टाक्या आणि पवनचक्क्यांची प्रचंड पाती ज्या बळावर उभी आहेत, त्याचा उलगडा या इंग्रज अभियंत्याने १९२० मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात सापडतो.

ग्रिफिथ यांचा जन्म १३ जून १८९३ रोजी लंडनमध्ये झाला. लिव्हरपूल विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकून १९१५ मध्ये ते फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात दाखल झाले. पिळल्या जाणाऱ्या दांड्यातील ताण साबणाच्या पातळ पडद्यावरून मोजण्याची युक्ती त्यांनी जी. आय. टेलर यांच्यासह शोधली.

त्या काळी अभियंत्यांना एक कोडे छळत होते. बारीकसा ओरखडा असलेला धातूचा भाग हिशेबापेक्षा फार लवकर मोडे. तड्याच्या टोकाशी ताण अनेक पटींनी एकवटतो, हे इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखवले होते; पण मग प्रत्येक ओरखडा घातक का ठरत नाही? ग्रिफिथ यांनी उत्तर ऊर्जेच्या हिशेबात शोधले. तडा वाढायचा तर नवा पृष्ठभाग तयार व्हावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. ताणलेल्या पदार्थातून सुटणारी ऊर्जा या खर्चाहून अधिक झाली, की तडा धावत सुटतो. तडा चौपट लांब असेल, तर निम्म्या ताणातच वस्तू फुटते.

पडताळ्यासाठी त्यांनी काच निवडली, कारण ती लवचीकपणे ताणली जाते आणि मग सरळ फुटते. त्यांनी काच तापवून तिचे धागे ओढले. सुमारे एक मिलिमीटर जाडीची कांडी दर चौरस इंचाला २५ हजार पौंडांच्या आसपास ताणाला तुटत होती. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम तीनपट जाडीचा धागा मात्र ४ लाख ९१ हजार पौंड पेलत होता! काच तीच, बळ जवळजवळ वीसपट. इतक्या बारीक धाग्यात मोठ्या तड्याला जागाच उरत नाही. ताजे धागे काही तासांतच बळ गमावतात, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

या शोधाची कदर मात्र झाली नाही. काच वितळवण्याचा गॅसचा बर्नर एका संध्याकाळी चालूच राहून आग लागली आणि वरिष्ठांनी हे काम थांबवण्यास फर्मावले, असे पुढे सांगितले जात असे. ग्रिफिथ विमानांच्या इंजिनांकडे वळले. तेथेही त्यांनी मोठे काम केले; पण १९२९ च्या सुमारास फ्रँक व्हिटल या तरुण अधिकाऱ्याच्या जेट इंजिनावर प्रतिकूल मत देणारेही तेच होते. द्रष्टेपणाची ही उणी बाजू नोंदवायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लिबर्टी जहाजे थंड पाण्यात अकस्मात दुभंगू लागली, तेव्हा कुठे जॉर्ज आयर्विन यांच्यासारख्या संशोधकांनी तड्यांचे हे शास्त्र पुन्हा हाती घेऊन धातूंसाठी विस्तारले.

दरम्यान १९३० च्या दशकात काचतंतू कारखान्यात तयार होऊ लागले. एकटा तंतू बळकट असला तरी नाजूक. घासला की ओरखडा आलाच. असे हजारो तंतू राळेत बसवले, की राळ त्यांना घर्षणापासून जपते आणि ओलाव्याला बरीचशी अटकाव करते. एखादा तंतू तुटला तर त्याचा भार ती शेजारच्या तंतूंवर सोपवते. राळेतून आलेला तडा पुष्कळदा तंतूशी पोहोचल्यावर त्याच्या कडेने वळतो आणि त्याचा जोर ओसरतो. तंतू ज्या दिशेने मांडलेले, त्या दिशेने हे बळ सर्वाधिक. आडव्या दिशेने भार राळेवर येतो आणि पदार्थ लवकर फाटतो. म्हणूनच तंतूंची मांडणी हा आरेखनाचा गाभा ठरला.

ग्रिफिथ १९३९ मध्ये रोल्स रॉइसमध्ये गेले, १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९६० मध्ये निवृत्त झाले. ऑक्टोबर १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा फायबरग्लासच्या सांगाड्याची कॉर्व्हेट मोटार अमेरिकेच्या रस्त्यांवर येऊन दहा वर्षे उलटली होती.